'वाह' म्हणायची सोय नाही

शुक्रवारी एका आजीबाईंनी माझ्याकडे वळून असं पाहिलं, की लहानपणी सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात चुळबुळ केल्याबद्दल आजोबांनी काढलेला चिमटा आठवला. गुन्हा काय, तर मी 'वाह' म्हणालो. तेही पुटपुटत.

व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरागृहात पुच्चीनीचा 'ला बोहेम' हा ऑपेरा, म्हणजे अथपासून इतिपर्यंत गाऊन केलेलं नाटक, चालू होता. पहिला अंक. मेणबत्ती विझलेली, अंधारात किल्ली शोधताना नायक रोदोल्फोचा हात शेजारीण मिमीच्या हाताला लागतो. किती गारठलाय हा हात, एवढंच निमित्त, आणि गडी गायला लागतो. (किल्ली त्याला आधीच सापडलेली असते, ती खिशात घालून हा शोधण्याचं नाटक करतोय. आपल्या नाटकातले नायकही याहून फार सरळ नसतात.) गाणं चढत चढत जातं आणि शेवटाकडे गळा वरच्या सुराला असा भिडतो, की माणसाच्या तोंडून काहीतरी निघायलाच हवं. माझ्या तोंडून निघालं.

गाणं संपल्यावर त्याच आजीबाई 'ब्राव्हो' म्हणून अशा ओरडल्या की माझ्या कानठळ्या बसल्या! म्हणजे दाद द्यायला यांची ना नाही, पण ती साठवून ठेवायची आणि शेवटी एकरकमी चुकती करायची. आपल्याकडे जागा आली की तिथल्या तिथे रोख. गवयाने समेवर येऊन समोर पाहिलं आणि पहिल्या रांगेतली एकही मान हलली नाही, तर त्याचं पुढचं गाणं पडतं. 'वाह' हा आवाज नाही हो, साथ आहे. तंबोरा, तबला आणि 'वाह'. हे सगळं मला मध्यंतरात आजींना सांगायचं होतं. माझं जर्मन तेवढं चालत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आता खरं सांगायचं तर शांततेत मजाही आली. इतक्या माणसांत ना मोबाइल वाजला, ना वेफर्सच्या पुड्या. गेल्या खेपेला पुण्यात नाटकाला गेलो होतो, तेव्हा मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी फोनवर कोणाला तरी 'नाटकात आहे, बोल' असं सांगून पाच मिनिटं बोलणं केलं होतं. त्यांच्यासाठी या आजीबाई तिकडे पाठवायला माझी हरकत नाही. पण त्या गृहस्थांचं बोलणं आणि माझा 'वाह' एकाच तागडीत कसा तोलता?

घरी येऊन वाचत बसलो आणि जीव थंड झाला. ही व्हिएन्नाची मंडळी मुळात आपल्याइतकीच 'वन्स मोअर'वाली. 1786 च्या मे महिन्यात मोत्सार्टचा 'फिगारो' हा ऑपेरा इथे पहिल्यांदा झाला, तेव्हा लोकांनी इतक्या गाण्यांना वन्स मोअर घेतले, की खेळ लांबायला लागला. शेवटी सम्राट योसेफ दुसरा याने हुकूम काढला, की एकाहून जास्त गळ्यांचं गाणं पुन्हा गायचं नाही. सहा वर्षांनी त्याच्या गादीवर बसलेल्या भावाने तर कमाल केली. चिमारोझाचा नवा ऑपेरा त्याला इतका आवडला, की सगळ्यांना जेवू घातलं आणि अख्खा ऑपेरा पहिल्यापासून परत करायला लावला, असं सांगतात. बालगंधर्वांच्या पदांना पहाटेपर्यंत वन्स मोअर देणाऱ्या आपल्या पणजोबांची आणि या सम्राटाची गट्टी जमली असती. म्हणजे बिघडलेले ते, आपण मूळ रीत सांभाळून आहोत. (हे आजीबाईंना सांगण्याइतकंही जर्मन येत नाही.)

आजीबाईंबद्दल मात्र वाकडं बोलवत नाही. माझं तिकीट उभ्याचं होतं. खुर्चीला दोनशे युरोंच्या वर मोजणारे लोक आहेत, तिथे वीसच्या आत उभं राहायला मिळतं, आणि तेही मधोमध. आत शिरल्यावर लोक समोरच्या कठड्याला स्कार्फ बांधून खुशाल बाहेर हिंडायला जातात. त्या स्कार्फला कुणी हात लावत नाही. एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालाला आपल्याकडे एवढा मान असता, तर निम्मी भांडणं मिटली असती. मला हे ठाऊक नव्हतं आणि माझ्याकडे स्कार्फही नव्हता. आजींनी आपल्या पिशवीतून एक विटका रुमाल काढला, माझ्या जागी गाठ मारली आणि 'जा' अशी खूण केली. एवढं केल्यावर तासाभराने त्यांनी डोळे वटारले. काय बोलणार?

रविवारी बुर्ग किनो या इथल्या थिएटरात 'द थर्ड मॅन' पाहिला. महायुद्धानंतरच्या व्हिएन्नात घडणारा 1949 चा हा सिनेमा तिथे अजूनही लागत असतो. आपल्या गल्लीचा सिनेमा म्हणून लोक येतात. तार छेडत वाजणाऱ्या त्या झिथरने दोन दिवस डोकं सोडलेलं नाही. पण मी पाहत होतो ते पडक्या भिंती आणि विटांचे ढीग. 12 मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात ऑपेरागृहाचं रंगमंच आणि प्रेक्षागृह जळून गेलं होतं. दर्शनी भाग आणि मोठा जिना तेवढा वाचला. ते परत उघडलं 5 नोव्हेंबर 1955 ला, बेटहोव्हेनच्या 'फिदेलिओ'ने. दहा वर्षं लोकांनी वाट पाहिली. शुक्रवारी मी त्याच जिन्यावरून जाकीट कुठे ठेवायचं ते शोधत वर-खाली पळत होतो. सिनेमा बघून बाहेर पडल्यावर त्या वटारलेल्या डोळ्यांचा राग बराच उतरला होता. बराच, सगळा नाही.

चौथ्या अंकात मिमी खोकत खोकत जाते. रोदोल्फो सोडून सगळ्यांना कळलेलं असतं, आणि मग त्याला कळतं. मी तोंडावर हात धरून उभा होतो, 'वाह'च्या भीतीने. शेजारून नाक ओढल्याचा आवाज आला. आजींचा रुमाल कठड्यालाच बांधलेला होता. मी गाठ सोडून त्यांच्या हातात दिला.

मध्यंतरात आईचा फोन आला होता. तिकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते, तरी जागी. "बसायला जागा कुठली मिळाली रे?" मी म्हणालो, "अगदी मधोमध."