सुकी धरणावर गळ आणि तंबू

डिसेंबरात जळगाव जिल्ह्यातल्या गारबर्डीच्या सुकी धरणावर मुक्काम टाकला. सावद्याहून खिरोदामार्गे पालचा रस्ता धरायचा. केळीच्या बागा मागे पडल्या की सातपुडा अंगावर येतो. पेट्रोल, पाणी, भाजीपाला सावद्यातच भरून घ्या, पुढचा भरवसा नाही.

माशांचं आधी सांगतो. भल्या पहाटे कुडकुडत गळ टाकून बसायची हौस असेल तर खुशाल बसा. हिवाळ्यात पाणी गार पडलं की कटला-रोहू सुस्तावतात, चारा कमी घेतात. ऊन पाण्यावर चांगलं पसरलं, दहा वाजून गेले, तेव्हा कुठे आमचा तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, ताणला. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून थर्माकोलचा तुकडा तंगुसावर वर-खाली सरकवत खोली बदलत राहायची. चाऱ्याला शेंगदाण्याची ढेप (पेंड) कणकेत मळून घेतली. गोळा घट्टच हवा, सैल झाला तर पाण्यात पडताच विरतो. पहिली लागली ती चिलापी (तिलापिया मासा), पंजाएवढी. पाठीचे काटे उभारून तिने एकाच्या अंगठ्यातून रक्त काढलं. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत, काटे आडवे दाबूनच ती धरायची.

धरणातली मासेमारी बहुतेक ठिकाणी ठेक्यावर असते, मच्छीमार सोसायटीकडे. तेव्हा गावात विचारल्याशिवाय गळ टाकू नका. आम्हाला उत्तर मिळालं, "खायपुरते धरा भाऊ, जाळं नका टाकू."

पाणी उतरल्यावर काठाला छान सपाट जागा दिसते. तिथे तंबू नको. वरून वाळलेला गाळ आतून ओलाच असतो, पाय घोट्यापर्यंत रुततो. वरच्या मुरमाड रानात, मालकाला विचारून तंबू ठोका. पालकडचं जंगल यावल अभयारण्यात येतं, १९६९ पासूनचं. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढायची नाही, बिबट्याही आहे. उरलेले मासे, काटे तंबूजवळ ठेवू नका.

रात्री कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजली. खरं सांगायचं तर माशापेक्षा भरीतच आधी संपलं! थंडी मात्र हाडं गोठवते, जाड रग हवाच.

पावसाळ्यात सांडवा वाहताना बघायला जरूर जा, पण गळ घरी ठेवा. माशांची वीण त्याच दिवसांत असते. आणि मे महिन्यात, खान्देशच्या ४५ अंशांत, तंबूत कोण झोपणार?