चारशे मीटरची हद्द : स्ट्रॉम्बोलीवरची एक संध्याकाळ

इटलीतल्या स्ट्रॉम्बोली या ज्वालामुखी बेटाचा माथा समुद्रसपाटीपासून ९२४ मीटरवर आहे आणि तिथे जायला आता बंदी आहे. गाइड घेतला तर साधारण ४०० मीटरपर्यंत सोडतात, एकट्याने गेलात तर २९० मीटरपर्यंत, आणि डोंगराचा रागरंग बरा नसेल तर तेवढंही नाही. गोरेगावच्या घरी जेवताना मी हे मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा दादाचा हात ताटावरच थांबला. "म्हणजे अर्ध्यातून परत? अगं, एवढा व्हिसाचा खटाटोप, एवढा खर्च, आणि कळसूबाईच्या पहिल्या शिडीपर्यंत जाऊन यायचं?"

दादाची उमर सह्याद्रीत गेली आहे. त्याच्या लेखी ट्रेक म्हणजे माथा. तिथे पोचून भगवा बघितला, पाण्याचं टाकं शोधलं, की मग बाकीचं बोलायचं. वहिनीने आमटी वाढता वाढता निकाल दिला, "अर्ध्यातून तर अर्ध्यातून. माझ्या गुडघ्यांना विचारून केलेला दिसतोय नियम." तिकिटं निघाली ती या वाक्यावर.

ज्वालामुखी बघायला इटलीपर्यंत कशाला, असं शेजारच्या काकूंनी विचारलंच. आपल्याकडे जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. तिथे उतरायला परवानगी नाही, बोटीतून लांबून बघायचं. सिसिलीतला एटना मोठा, नावाजलेला. पण तो कधी उडेल ही त्याची मर्जी. स्ट्रॉम्बोली मात्र हजाराहून जास्त वर्षं जवळजवळ न थांबता उडतो आहे, तोही दर दहा-वीस मिनिटांनी. जुने खलाशी त्याला भूमध्य समुद्राचं दीपगृह म्हणत. जगात कुठेही असे छोटे, ठरावीक अंतराने होणारे स्फोट दिसले की भूशास्त्रज्ञ त्याला 'स्ट्रॉम्बोलियन' म्हणतात. रात्री वर बघितलं आणि काहीच दिसलं नाही, असं होण्याची शक्यता इथे सगळ्यात कमी.

तयारी म्हणून रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जायचो, कान्हेरीच्या पायऱ्या दोनदा चढायच्या. एका संध्याकाळी दादा आम्हाला अंधेरीला गिल्बर्ट हिलवर घेऊन गेला, "तिकडचा जिवंत बघण्याआधी आपला मेलेला बघून घ्या" म्हणत. त्याचं म्हणणं तसं बरोबर नाही. गिल्बर्ट हिल हा ज्वालामुखीचा शंकू नव्हे. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो, तडकतो आणि त्याचे उभे, बहुकोनी खांब तयार होतात. अशा खांबांचा हा साठेक मीटर उंचीचा गठ्ठा. आजूबाजूचा दगड खाणीवाल्यांनी नेला, हा उरला. २००७ मध्ये महापालिकेने त्याला वारसा-यादीत घातलं. वर गावदेवीचं देऊळ आहे, चहूकडून इमारती आणि झोपड्या अंगाला येऊन भिडल्या आहेत. सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या लाव्हावर कोणाच्या तरी पापडांची वाळवण पसरलेली होती.

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. मुंबईहून आखातात विमान बदलून रोम, तिथून कातानिया, मग बसने मिलाझ्झो हे बंदर, आणि तिथून हायड्रोफॉइल नावाची वेगवान बोट. ती वुल्कानो, लिपारी अशी बेटं घेत जाते. नेपल्सहूनही रात्रीची बोट असते, ती पहाटे पोचते म्हणे. वहिनीने ओडोमॉसपासून अमृतांजनपर्यंत सगळं घेतलं होतं; बोट लागते त्यावरची गोळी मात्र मलाच शोधावी लागली.

बोटीतून डोंगर दिसतो तो नुसता त्रिकोण. समुद्रातून सरळ उभा, डोक्यावर धुराचा पुंजका. आपल्याला दिसतो तो जेमतेम तिसरा हिस्सा. पाण्याखाली अजून दोनेक किलोमीटर खोल त्याचा पाया आहे. त्याच्या पायथ्याशी पांढरी, चौकोनी घरं, आणि किनारा कोळशासारखा काळा. बेटावर पाचेकशे माणसं कायमची राहतात. गल्ल्या इतक्या अरुंद की मोटार जाणार नाही. धक्क्यावर सामान न्यायला उभी होती ती चक्क आपे! दादाला इतका आनंद झाला की त्याने ड्रायव्हरला खुणा करून, मोडक्या इंग्रजीत, ही गाडी आमच्याकडे बारामतीला बनते असं पटवायला सुरुवात केली. ड्रायव्हर मान हलवत "पियाज्जो, पियाज्जो" म्हणत राहिला. दोघंही खरं बोलत होते.

साडेचारला सान व्हिन्चेन्झो चर्चच्या चौकात जमायचं होतं. सप्टेंबर संपत आलेला, सूर्यास्त सातच्या थोडा आधी. चौकाजवळच्या दुकानात हेल्मेट, डोक्याला लावायचा दिवा, बूट असं सगळं भाड्याने मिळतं. आमची गाइड तिशीची, रापलेली, कमी बोलणारी बाई. तिने आधी सगळ्यांचे पाय बघितले. घोट्याच्या वर येणारे बूट हवेत, नाहीतर यायचं नाही. दादाचे बूट पास, माझे नापास. मी भाड्याचे घेतले. मग तिने प्रत्येकाच्या हेल्मेटचा पट्टा स्वतः ओढून बघितला. आपल्याकडे राजमाचीला काजवे बघायला निघालेल्या गर्दीत असं कोणी कोणाचे पाय तपासले असते, तर त्याला वेड्यात काढलं असतं. मला ही कडक बाई पहिल्या पाच मिनिटांतच आवडली.

वाट आधी गावाच्या कडेने जाते, मग उंच वेतासारख्या गवतातून आणि झुडपांतून वळणं घेत चढते. चढ अंगावर येणारा नाही, पण सुरुवात समुद्रापासून असल्याने एकही मीटर फुकटात मिळत नाही. २०२२ च्या मे महिन्यात इथे एका चित्रीकरणादरम्यान वणवा लागून उतारावरची झाडी जळाली, आणि धरून ठेवायला मुळं न राहिल्याने त्याच ऑगस्टच्या पावसात चिखल थेट गावात घुसला. गाइड हे सांगत असताना वहिनी हळूच म्हणाली, "आपलं माळीण." आम्ही काही बोललो नाही, चालत राहिलो.

एका वळणावर मागे बघायला सांगितलं. खाली समुद्रात एक सुळका उभा होता, स्ट्रॉम्बोलिक्कियो. पन्नासेक मीटर उंच, वर दीपगृह. या डोंगराच्याही आधीच्या, सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला दगड तेवढा उरलाय, भोवतीचं सगळं समुद्राने खाल्लं. दादाला लगेच ड्यूक्स नोजची आठवण झाली. त्याला कुठलाही सुळका बघितला की ड्यूक्स नोजच आठवतो.

पाणी प्यायला थांबलो तिथे वहिनीने वाटेवरचा एक दगड उचलला. मुठीएवढा, काळा, आणि उचलल्यावर फसल्यासारखं वाटावं इतका हलका. त्याला जागोजागी भोकं. काही टाचणीच्या टोकाएवढी, एक मात्र करंगळी जाईल इतकं; आतून गुळगुळीत आणि जरासं चकाकणारं. "टाकी लावलेला पाटा गं हा," ती म्हणाली, आणि अंगठ्याने भोकं चाचपत राहिली. ती भोकं म्हणजे वायूचे बुडबुडे. शिलारस वर येताना त्यातला वायू सुटतो, आणि तो पळून जायच्या आत दगड थिजला की बुडबुड्याची जागा तशीच राहते. आपल्या सह्याद्रीच्या दगडातही हे बुडबुडे होते. पण तो इतका जुना की कोट्यवधी वर्षं पाणी झिरपून त्यांत पांढरे, हिरवट स्फटिक भरले. मुंबई-पुण्याच्या खाणींतून निघणारे ते झिओलाइट आणि अपोफिलाइट, जे प्रदर्शनांत हजारो रुपयांना विकतात, ते अशाच भोकांमधले. वहिनीच्या हातातली भोकं अजून रिकामी होती. गाइडने दगड खाली ठेवायला लावला. इथून काही न्यायचं नाही.

आणखी एक फरक चालता चालता डोक्यात घोळत होता. दख्खनचा लाव्हा असा एखाद्या टोकातून कारंज्यासारखा उडाला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो पसरत गेला, थरावर थर. आज उरलाय तोच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर, आणि घाटमाथ्याजवळ त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. कळसूबाईला जे टप्पे दिसतात ते हे थर. त्या हिशेबात स्ट्रॉम्बोली अगदीच चिमुकला. मात्र आपल्या लाव्हाला बघणारं कोणी नव्हतं.

चारशे मीटरच्या जागेवर पोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकायला आला होता. मोकळी कडा, पलीकडे सियारा देल फुओको नावाचा भलामोठा, ओकाबोका उतार. विवरांपासून थेट समुद्रापर्यंत घसरत जाणारी राखेची आणि दगडांची घसरगुंडीच ती. विवरं आमच्या वर, साडेसातशे मीटरच्या आसपास. गाइडने आधी रेडिओवर कोणाशी तरी बोलून घेतलं, मग आम्हाला बसायला सांगितलं.

सूर्य बुडाला. सुंदर होता, पण खरं सांगायचं तर त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे डावीकडे वर बघत होते. आणि मग विवराच्या कडेवरून लाल फवारा उठला, एकदम नीरव. मनात 'आवाज कसा नाही' येतंय तोवर तो पोचला, छातीत जाणवणारा दणका. दिसतं आधी, ऐकू येतं नंतर, वीज चमकावी तसं. दिवसा हाच स्फोट करड्या धुराचा लोट म्हणून दिसला होता. अंधार दाटला तसा त्याच धुरात विस्तव दिसायला लागला.

गाइडने मग समजावलं. खालच्या नळीत वायूचे लहान बुडबुडे एकत्र येत मोठे होतात, नळीभर रुंद होऊन वर सरकतात आणि तोंडाशी फुटतात, सोबत शिलारसाचे गोळे उडवतात. नळी उघडी आहे म्हणून दाब साठत नाही, म्हणून हे असं थोडं थोडं आणि वारंवार. घात होतो तो खोलवरून वायूने भरलेला नवा शिलारस एकदम वर आला की. ३ जुलै २०१९ ला तसंच झालं. दिवसाढवळ्या डोंगर प्रचंड फुटला, एक गिर्यारोहक गेला, रान पेटलं. ऑगस्टच्या २८ तारखेला पुन्हा. त्याआधी लोकांना माथ्यावर नेत. आता फ्लॉरेन्स विद्यापीठाची यंत्रं डोंगर किती फुगला, किती कलला ते सारखं मोजतात आणि तसं काही दिसलं की गावात भोंगे वाजतात. भोंगे त्सुनामीसाठीही आहेत. ३० डिसेंबर २००२ ला या समोरच्या उताराचा मोठा तुकडा समुद्रात कोसळला आणि लाटा किनाऱ्यावरच्या घरांत घुसल्या. ऐन हिवाळा होता, बेट रिकामं होतं. कोणी दगावलं नाही.

दादाने घड्याळ लावून स्फोट टिपायला सुरुवात केली होती. अकरा मिनिटं, मग सात, मग बराच वेळ काहीच नाही. वहिनीने तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. पुरीवर बारीक राख पडत होती, दाताखाली कचकच. "पूर्वी माथ्यावरून काय दिसायचं?" दादाने गाइडला विचारलंच. ती म्हणाली, माथा विवरांच्याही वर आहे, तिथून खाली विवरात बघायचो. पण दगड उडून पलीकडे गेले की दिसेनासे होत.

ते इथून दिसत होते. पुढचा स्फोट मोठा होता. लाल गोळे वर गेले, क्षणभर थबकले, आणि उतारावर आपटून फुटले. मग खरी मजा सुरू झाली. प्रत्येक तुकडा उड्या मारत खाली निघाला. काही अर्ध्यात विझले, एक मात्र टप्पे घेत, दर टप्प्याला ठिणग्या उडवत, पार समुद्रापर्यंत गेला. खडखडाट कितीतरी वेळ येत राहिला, रेतीचा डंपर रिकामा होतोय असा. दादा उभा राहिला होता. गाइडने त्याला खांदा धरून खाली बसवलं. त्याने ऐकलं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

माझं मत विचाराल तर चारशे मीटरच बरे. विवरात वाकून बघण्यापेक्षा डोंगर कसा रचला जातो ते इथून जास्त नीट कळतं. दादाला हे मान्य नाही. उतरताना, डोक्यावरच्या दिव्यात पायाखालची राख बघत, तो म्हणाला, "माथा तो माथा. पण उघडला तरी मी तुला नेणार नाही हं तिथे."

जाणार असाल तर दोन-चार गोष्टी. गाइडची नोंदणी मुंबईतूनच करा, उन्हाळ्यात जागा भरतात. निर्बंध डोंगराच्या तब्येतीनुसार बदलतात, तेव्हा निघायच्या दिवशीसुद्धा विचारा. चढताना घाम, बसल्यावर थंडी. एक कोरडा शर्ट आणि वाऱ्याचं जाकीट हवंच. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या संध्याकाळी चष्मा वापरा, राख डोळ्यांत जाते. गावाच्या गल्ल्यांत रस्त्यावरचे दिवे जवळजवळ नाहीत, टॉर्च जवळ ठेवा. आणि बेटावर एक रात्र जास्तीची धरा. समुद्र खवळला की हायड्रोफॉइल सरळ रद्द होतात. आमची झाली. कातानियाचं विमान दोन दिवसांनंतरचं होतं म्हणून निभावलं. धक्क्यावर त्याच दुपारचं विमान पकडायचं असलेलं एक जोडपं आपेवाल्याशी हुज्जत घालत होतं, जणू लाटा त्यानेच आणल्या होत्या.