काम्पोंग फ्लुकची उंच घरं

कंबोडियात सिएम रीपला गेल्यावर अंगकोर वाटचे फोटो सगळेच काढतात, मी पण ढीगभर काढले, पण परत परत उघडून बघते ते काम्पोंग फ्लुकचे. टोनले सॅप तलावाकाठचं गाव, सगळी घरं लाकडी खांबांवर, कारण पावसाळ्यात मेकाँग नदीचं पाणी उलटं तलावात शिरतं आणि 1 मीटरचा तलाव 8-9 मीटर होतो!! आम्ही उन्हाळ्यात गेलेलो, त्यामुळे रस्ता कोरडा आणि त्यावर कोळंबी वाळत घातलेली, अगदी आपल्या कोकणातल्या सोड्यांचा वास. एका आजींना कॅमेरा दाखवून खुणेनेच विचारलं, त्या हसल्या, मग काढला. घरात डोकावून मात्र एकही नाही काढला, तेवढं पाळायलाच हवं ना.