दोनशे सतरा डॉलर

"मोठी चोरी की लहान, एवढंच सांग मला," ताई फोनवर म्हणाली. सांगलीत पहाटेचे साडेपाच वाजले होते, इकडे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये रात्रीचे आठ. माझ्यासमोर जेवणाच्या टेबलाशी तिचा मुलगा मान खाली घालून बसला होता आणि आमच्या दोघांच्या मध्ये पोलिसांनी दिलेला कागद होता.

माझा भाचा इथे एमएस करायला आलाय. त्या संध्याकाळी त्याने दुकानात दूध आणि ब्रेड स्कॅन केले, पैसे भरले. पण १४८ डॉलरचं जॅकेट आणि ६९ डॉलरचे हेडफोन पाठीवरच्या सॅकमध्ये तसेच राहिले. राहिले म्हणजे त्याने ठेवले. "चोरीच केली, मावशी," असं तो स्वतःच म्हणाला, त्यामुळे मीही ते झाकत नाही. हे लिहायला त्याची परवानगी आहे. चौकीत बोटांचे ठसे घेऊन, तारीख देऊन त्याला सोडलं होतं.

घरी येईपर्यंत त्याने फोनवर 'फेलनी', म्हणजे गंभीर गुन्हा, हा शब्द शंभरदा शोधला असेल. डॅलसच्या एका मित्राने धीर दिला होता, अरे अडीच हजाराच्या खाली फेलनी लागतच नाही. मित्र खोटं बोलत नव्हता. टेक्सासमध्ये चोरीचा माल २,५०० डॉलरच्या खाली असला, तर साधारणपणे तो मिस्डिमिनर, म्हणजे हलका गुन्हा. कॅलिफोर्नियात ही रेघ ९५० वर आहे. पण कागद न्यू जर्सीचा होता, त्यावर 2सी:20-11 हे कलम होतं, आणि आमच्या राज्याच्या फौजदारी कायद्यात गुन्ह्यांच्या प्रतवारीसाठी फेलनी-मिस्डिमिनर ही जोडी वापरतच नाहीत. इथे गुन्ह्याला डिग्री असते. फर्स्ट डिग्री सगळ्यांत गंभीर, फोर्थ सगळ्यांत सौम्य, आणि त्याखाली 'डिसऑर्डरली पर्सन्स ऑफेन्स'. दुकानातली चोरी २०० डॉलरच्या आत असेल तर ती या शेवटच्या पायरीवर, कमाल सहा महिने. २०० ते ५०० फोर्थ डिग्री, कमाल अठरा महिने. ५०० च्या वर गेलात की थेट ७५,००० पर्यंत थर्ड डिग्री, तीन ते पाच वर्षं. सहाशेचा फोन आणि साठ हजारांचे दागिने एकाच डिग्रीत! मला हे अजून पटलेलं नाही.

किंमत धरतात ती दुकानाने लावलेली. १४८ आणि ६९ मिळून २१७. म्हणजे फोर्थ डिग्री. एका वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकते, म्हणून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या लेखी ही फेलनीच. वरच्या सतरा डॉलरनी एवढं केलं.

आता हे ताईला मराठीत कसं सांगायचं? दखलपात्र म्हणावं तर ते चूक, कारण दखलपात्र म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात तो गुन्हा, शिक्षेच्या वजनाशी त्याचा थेट संबंध नाही. आपल्याकडे चोरी ती चोरी. नव्या न्याय संहितेत पाच हजार रुपयांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला, तर समाजसेवेची शिक्षा आहे, तेवढी एक रेघ आता आली. इंग्लंडमध्ये जुन्या काळी बारा पेन्सच्या वरची चोरी 'मोठी' धरत आणि तिला फाशी होती. मोठी-लहान हा भेद अमेरिकेने तिथूनच घेतला. इंग्लंडने फेलनी हा प्रकार १९६७ मध्ये मोडीत काढला, इथे तो अजून चालू आहे. ताईचा प्रश्न भाबडा नव्हताच. इथलं कोर्ट पहिल्यांदा तोच विचारतं.

काही आठवड्यांनी काउंटीच्या सरकारी वकिलाने आरोप खाली आणला आणि केस गावच्या म्युनिसिपल कोर्टात पाठवली. आम्ही देवापुढे साखर ठेवली. पण खरा धोका इथेच होता, आणि हे लिहायला बसले ते यासाठीच.

काउंटीच्या मोठ्या कोर्टात पहिल्या गुन्ह्यासाठी 'पीटीआय', म्हणजे प्रीट्रायल इंटरव्हेन्शन, नावाची सवलत असते. त्यात सहसा गुन्हा कबूल करावा लागत नाही, ठरलेला काळ नीट वागलात की केस रद्द. गावच्या लहान कोर्टात तशीच दिसणारी 'कंडिशनल डिसमिसल', म्हणजे अटींवर केस रद्द, ही सवलत आहे, एका वर्षाची. पण तिच्यात आधी गुन्हा कबूल करावा लागतो किंवा तो सिद्ध व्हावा लागतो. वर्षभराने राज्याचं कोर्ट केस रद्द करतं, इमिग्रेशनचा कायदा मात्र कबुली आणि त्यावर घातलेली बंधनं बघतो आणि तिला दोषसिद्धीच धरतो. रेकॉर्ड पुसून घेतलं तरी. आरोप हलका झाला आणि व्हिसावर राहणाऱ्या मुलासाठी वाट जास्त निसरडी झाली.

आमच्या वकिलांनी 'घेऊन टाका, वर्षात मिटेल' असं सांगितलं. इथे जन्मलेल्या मुलासाठी तो सल्ला बरोबर ठरला असता. मी इमिग्रेशनच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "कबुलीवर सही करू नका, निदान आज नाही." एका किरकोळ चोरीने लगेच हद्दपारी होतेच असं नाही, पण चोरी हा नीतिभ्रष्टतेचा गुन्हा मानतात, आणि असे दोन वेगवेगळे गुन्हे नावावर आले तर ग्रीन कार्डवाल्यालाही काढता येतं. २०१० च्या पडिल्या विरुद्ध केंटकी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कबुलीने हद्दपारी ओढवू शकते हे अशिलाला सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. तरीही तुम्ही स्वतः विचारा. तोंडाने, स्पष्ट शब्दांत, सही करण्याआधी विचारा.

दोन्ही वकील एकमेकांशी बोलले. पाच महिने आणि चार तारखांनंतर आरोप बदलून गावच्या स्थानिक नियमाचा भंग एवढा राहिला. दंड भरला. कोर्टाच्या शिक्क्याच्या प्रती मी त्याला तीन काढून घ्यायला लावल्या.

डिसेंबरात तो सांगलीला जातोय, त्याआधी मुंबईत बीकेसीला व्हिसाची मुलाखत. परवा त्याच टेबलाशी बसून त्याने फॉर्म भरला. तुम्हाला कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का, हा प्रश्न आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. त्याने 'हो'वर क्लिक केलं आणि खालच्या चौकटीत तारीख, कलम आणि रक्कम लिहायला घेतली.