तुमच्या घरावर सोलर आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, आमच्या घरावर सोलर नाही.

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात. दातांच्या डॉक्टरांनी तोंडात कापूस असताना विचारलाय. एकदा पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी समोर घाम पुसत उभा असलेला विद्यार्थी सोडून मलाच विचारला होता. बाई विद्यापीठात ऊर्जेवर संशोधन करतात असं कळलं की लोकांची नजर आधी आमच्या गच्चीकडे जाते. आहारतज्ज्ञाच्या ताटात डोकावतात ना, तसंच. त्यात चूक काहीच नाही.

आम्ही पुण्यात एका पाच मजली सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. गच्ची सगळ्यांची, म्हणजे कोणाचीच नाही. एक किलोवॅटच्या पॅनेलना साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, तीही सावली न पडणारी. आमच्या गच्चीवर टाक्या आहेत, डिशच्या छत्र्या आहेत, पापड वाळवायचा एक राखीव कोपरा आहे आणि सोलर बंब आहेत. पुण्यात वर्षानुवर्षं ‘सोलर’ म्हणजे गरम पाणी. ‘आज सोलरला पाणी नाही का हो?’ ही आमच्या जिन्यातली रोजची चौकशी. गिझरची वीज वाचवणारी ही साधी तांब्याची नळकांडी कोणी कधी ‘ऊर्जा संक्रमण’ म्हणून मिरवली नाहीत, याची मला गंमत वाटते.

फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. स्वतंत्र छप्पर असलेल्या घराला 3 किलोवॅटसाठी 78,000 रुपये अनुदान, आणि सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000. मी वार्षिक सभेत विषय मांडला. आकडेमोडीचा कागदही वाटला. पाचव्या मजल्यावरच्या काकांनी एकच प्रश्न केला, ‘वरून गळायला लागलं तर तुम्ही येणार का बादली धरायला?’ विषय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेत वॉटरप्रूफिंग आधी की पॅनेल आधी यावर चहा संपेपर्यंत चर्चा झाली. ऊर्जातज्ज्ञ म्हणून माझी पत तिथे शून्य आहे.

पण उद्या काकांनी होकार दिला आणि पॅनेल बसली, तरी माझं काम वेगळंच राहील. त्यासाठी माझ्या मामाची गोष्ट सांगायला हवी.

मामाची शेती जुन्नर तालुक्यात. ऊस, कांदा, थोडं गव्हाचं रान. महाराष्ट्रात शेतीची थ्री फेज लाइट आळीपाळीने मिळत आलीय, काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री आठ-दहा तास. रात्रीची पाळी असली की मामा जेवून अंगणातच बाज टाकायचा. लाइट आली की ऑटो स्विचने मोटर आपोआप सुरू व्हायची, पण दारं धरायला माणूसच लागतो. एक सरी भरली की दारं मोडून पाणी पुढच्या सरीला घालायचं, पहाटेपर्यंत. हातात बॅटरी आणि काठी, खिशात मोबाइलवर मोठ्याने लावलेली भजनं. भजनं बिबट्यासाठी. जुन्नरकडच्या उसात बिबट्या राहतो हे आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मामी मात्र बिबट्यापेक्षा घोणसाला जास्त भ्यायची, कारण घोणस भजनं ऐकून लांब जात नाही.

मी इंजिनिअरिंगला असताना मामाने विचारलं होतं, ‘तू विजेचं शिकतेस ना, मग सांग, आमचीच लाइट रात्री का?’ मला उत्तर येत नव्हतं. आमच्या अभ्यासक्रमात ट्रान्सफॉर्मर होता, मामा नव्हता.

उत्तर आता येतं. कोळशाचा संच चुलीसारखा हवा तेव्हा पेटवून हवा तेव्हा विझवता येत नाही. चंद्रपूरसारख्या 2,920 मेगावॅटच्या केंद्रातले संच रात्री मागणी पडली तरी निम्म्याहून थोड्या जास्त भारावर चालूच ठेवावे लागतात, कारण सकाळी परत ते लागणार असतात. दिवसा कारखाने आणि कचेऱ्या वीज ओढतात. रात्री ती उरते. उरलेली कुठेतरी खपवायची. राज्यात सुमारे 45 लाख कृषिपंप आहेत, आणि पाणी दुपारी मिळालं की रात्री याची पिकाला फिकीर नसते. मग रात्रीचा भार शेतकऱ्याच्या गळ्यात पडला. कोणी दुष्टपणे ठरवलं असं नाही. पण तक्ता आखणाऱ्यांपैकी कोणालाच रात्री दोन वाजता चिखलात उभं राहायचं नव्हतं, हेही खरं.

याच हिशेबावर घाटघरचा प्रकल्प उभा आहे. अकोले तालुक्यात घाटमाथ्यावर एक तलाव, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरा. रात्रीच्या उरलेल्या विजेने खालचं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी मागणी चढली की तेच पाणी खाली सोडून 250 मेगावॅटपर्यंत वीज काढायची. चढवायला लागते त्यापेक्षा कमीच वीज परत मिळते, तरी परवडतं, कारण संध्याकाळच्या युनिटची किंमत वेगळी. विद्यार्थ्यांना मी सांगते की घाटघर म्हणजे विजेचा व्यापारी आहे, स्वस्तात भरायचं आणि तेजीत विकायचं.

हा बाजारच आता उलटा होतोय. जानेवारी 2025 मध्ये देशाची सौर क्षमता 100 गिगावॅटच्या पुढे गेली. भर दुपारी वीज उतू जाते आणि सूर्य कलला, घराघरांत दिवे-पंखे लागले की ओढाताण सुरू होते. केंद्राने 2023 मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल केला, त्यानुसार उन्हाच्या तासांतला दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवायचा आणि चढ्या मागणीच्या तासांत जास्त. म्हणजे ‘रात्रीची वीज स्वस्त’ हे जे आम्ही पाठ केलं होतं ते जुनं झालं. कोयनेचंही तसंच. विजेसाठी पश्चिमेकडे वळवायला कृष्णा पाणीवाटपाच्या लवादाने वर्षाला 67.5 टीएमसी पाणी ठरवून दिलंय, आणि ते पुरवून पुरवून नेमक्या तासाला सोडण्यातच शहाणपण आहे.

तर माझं संशोधन म्हणजे हे तास. एखादं युनिट किती वाजता तयार झालं आणि किती वाजता खर्च झालं. वर्तमानपत्रात क्षमता छापून येते. 2025 मध्ये देशाच्या एकूण क्षमतेत कोळसा-गॅसबाहेरचा वाटा निम्म्यावर पोचला, तो मथळा मीही कौतुकाने वाचला. पण युनिटं मोजली तर अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळशाचीच आहेत. क्षमता म्हणजे गोठ्यातली जनावरं; दूध किती हे चरवीत बघावं लागतं.

मामाच्या प्रश्नाला सरकारी उत्तर 2017 मध्ये मिळालं, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. 2023 मध्ये तिची दुसरी, मोठी आवृत्ती निघाली. कल्पना अगदी सरळ आहे. शेतीचा फीडर, म्हणजे सबस्टेशनहून पंपांकडे वीज नेणारी लाइन, गावठाणापासून वेगळा करायचा, सबस्टेशनच्या जवळपास काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज त्याच फीडरवर घालायची. पंप तेच, तारा त्याच, शेतकऱ्याला काही विकत घ्यायला नको. वीज तीन रुपये युनिटच्या आसपास पडते. ढग आले तर ग्रिड मागे उभी असते. आणि निसर्गानेही इथे साथ दिलीय. आपल्याकडे ऊन कमी पडतं ते पावसाळ्यात, तेव्हा पंप तसेही बंद असतात; रब्बीला आणि उन्हाळी पिकांना पाणी लागतं तेव्हा आभाळ स्वच्छ.

प्रत्येकाला वेगळा सौरपंप द्यावा की फीडरच सौर करावा, यावर आमच्या विभागात कडाक्याची भांडणं होतात. मी फीडरवाली. बांधावरच्या पंपाला पाणी नको असेल त्या दिवशी त्याची वीज वाया जाते, फीडरवरची दुसऱ्या कोणाच्या तरी कामी येते. तार न पोचलेल्या वाडीला अर्थात सौरपंपच हवा. आणि शेतकरी मला जे सांगतात तेही ऐकायला हवं, ‘मॅडम, सौरपंप असला की वायरमनच्या मागं फिरावं लागत नाही.’ हे वाक्य कुठल्याही मॉडेलमध्ये बसत नाही. निबंधात घातलं तर परीक्षण करणारे विचारतात, याचं एकक काय?

फिल्डवर्कचं म्हणाल तर ते बहुतांशी सबस्टेशनच्या लॉगबुकात नाक खुपसून बसणं आहे. तासातासाच्या नोंदी हाताने लिहिलेल्या, मधल्या चार तासांना एकाच शाईत एकच आकडा. माझ्या विद्यार्थ्यांनी फीडरवर मीटर लावले तेव्हा पहिलीच गोष्ट दिसली ती ऑटो स्विचची करामत. लाइट आली रे आली की फीडरवरचे सगळे पंप एका क्षणात सुरू, व्होल्टेज खाली, मोटरी गुरगुरतात, कोणाची तरी जळते. सौर प्रकल्प सकाळी हळूहळू चढतो आणि पंप एकदम तुटून पडतात. पंपांचे गट करून अर्ध्या-अर्ध्या तासाने सोडले तर? एवढ्या साध्या प्रश्नावर आमचं दीड वर्ष गेलं, आणि प्रकल्पाचा निधी तीनच वर्षांचा होता.

दुसरी काळजी विहिरींची. लाइट दिवसाची, साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिल माफ, आणि उसाला पाणी पाजायला कोणी हात आखडत नाही. विजेचा तास आम्ही हलवला. पाण्याचा हिशेब दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या विभागात चालतो आणि आम्ही एकमेकांना कॅन्टीनमध्येच भेटतो. याची मला लाज वाटते.

मामाचा फीडर मागच्या वर्षी सौरवर आला. दिवाळीला गेले तेव्हा मामी खूश होती. मामाचं वेगळंच. दुपारी उन्हात दारं धरून पाठ भाजते म्हणाला, आणि रात्री एक-दीडला अजून जाग येते. उठतो, अंगणात जातो, स्टार्टरच्या पेटीवरचा दिवा लागलाय का बघतो, आणि परत येऊन पडतो. मामी म्हणाली, ‘आता ह्याला तुझ्याकडं काही औषध आहे का गं?’