गुहागरचं कासव, ओडिशा अन् आपली गोदावरी

२०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची एक मादी अंडी घालायला आली अन् तिच्या पुढच्या पायावर टॅग सापडला, नंबर ०३२३३. तो टॅग २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला लावलेला! म्हणजे ही बंगालच्या उपसागरातून निघून देशाला खालून वळसा घालून कोकणात आली, साधारण साडेतीन हजार किलोमीटर. त्याआधी २०२३ मध्ये गुहागरलाच सॅटेलाइट टॅग लावलेली बागेश्री नावाची मादी उलट्या दिशेनं गेली होती, श्रीलंकेच्या पलीकडं.

मी नांदेडचा. आमच्याकडं कासवांचा विषय काढला की लोक म्हणतात, अरे ते कोकणवाल्यांचं काम, आपल्याला कुठाय समुद्र.

कोकणवाल्यांनी काम केलंयच, त्यात वादच नाही. मंडणगड तालुक्यातलं वेळास गाव बघून या एकदा, फेब्रुवारी-मार्चच्या पुढं जा म्हणजे पिल्लं दिसतील. आधी तिथं अंडी उकरून खायचे, विकायचे, राहिलेली कोल्ही-कुत्री फस्त करायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या भाऊ काटदरेंनी अन् मंडळींनी गावातल्याच पोरांना हाताशी धरलं. आता ती पोरं पहाटे किनारा पालथा घालतात, मादीच्या पायांच्या खुणा शोधतात, शंभर-सव्वाशे अंडी अलगद उचलून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात, अन् पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर आली की पाण्याकडं सोडतात. गावातल्या बायका पाहुण्यांना घरी जेवू-झोपू घालतात, त्यातनं घराला पैसा येतो, म्हणून हे टिकलं असं मला वाटतं. नुसता वन्यजीव संरक्षणाचा कायदा तर १९७२ पासून होताच की, अन् अंडी तरी जातच होती.

पण आपला, मराठवाड्याचा, समुद्र म्हणाल तर तो पूर्वेला आहे बरं का. सोयगावकडचं वाघूरचं पाणी तापीत जातं ते सोडा, बाकी पूर्णा, दुधना, सिंदफणा, मांजरा, तेरणा, सगळ्या गोदावरीत, अन् गोदावरी बंगालच्या उपसागरात. तिच्या मुखाजवळ काकिनाड्यापाशी होप आयलंड आहे, तिथल्या वाळूत हीच ऑलिव्ह रिडले अंडी घालते. कासवाला समुद्र लागतो तशी वाळू लागते, सैल, कोरडी, भरतीच्या रेषेच्या वर. त्या वाळूच्या उबेवरच पिल्लू नर की मादी ते ठरतं, वाळू जास्त तापली तर माद्याच जास्त निघतात. अन् त्या किनाऱ्याला वाळू देते कोण, नदी. ती जायकवाडी, विष्णुपुरी, पोचंपाड, धवळेश्वरम असं जागोजागी अडते, त्यामुळं गाळ कमी झालाय अन् गोदावरीचा त्रिभुज प्रदेश समुद्र खात चाललाय. धरणं पाडा असं मी म्हणत नाही, आमचं शेत त्याच पाण्यावर आहे. पण उरलेली वाळू रात्रीतून हायवात भरून नेतात अन् सगळं गाव बघत बसतं, ते मला सहन होत नाही.

कारण त्या वाळूत आपलं स्वतःचं कासवसुद्धा आहे! लेथ्स सॉफ्टशेल, मऊ पाठीचं, नदीकाठच्या वाळू-मातीत अंडी घालणारं, आपल्या गोदावरीतही राहणारं, आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेच्या यादीत अतिधोक्यात. वेळासचं कौतुक करणारे आपण याचं नाव पण घेत नाही, जाळ्यात घावलं तर लोक खाऊन मोकळे.

त्यामुळं माझं म्हणणं एवढंच की वेळासला पोरांची ट्रिप न्याच, पण गंगाखेड, नांदेडच्या घाटावर निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पाण्यात फेकणाऱ्याला पण अडवा. ती पिशवी वाहत समुद्रात गेली की तिथल्या कासवाला जेलीफिश वाटते अन् ते गिळतं. अन् नदीच्या वाळूत कुठं पांढरी गोल अंडी दिसली तर हात लावू नका, फोटो काढून वनविभागाला कळवा, कुत्री येऊ नयेत म्हणून तेवढं लक्ष ठेवा. आमच्या मित्रांच्या ग्रुपवर मी हे टाकलंय, गोदाकाठच्या गावचं कोणी वाचत असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा, उन्हाळ्यात मिळून काठ बघायला जाऊ.