बारव नोंदवही: वालूर गडप व्हायचं कारण सापडलं

मागच्या नोंदीतला परभणीचा घोळ एकदाचा सुटला. पोस्टरच्या तळाशी छापायला जिल्ह्यातल्या बारवांची (पायऱ्यांच्या विहिरींची) गावं ग्रुप_कॉन्कॅटनं, म्हणजे मायएसक्यूएल डेटाबेसमधल्या अनेक नोंदी जोडणाऱ्या फंक्शननं, एका ओळीत जोडत होतो. चारठाणा, पिंगळी करत यादी नीट यायची आणि शेवटी नुसतं 'वा'. पुढं काहीच नाही. परभणीच्या बारवा आणि त्यात वालूरची चक्राकार बारवच नाही! हे पोस्टर वालूरकरांनी पाहिलं असतं तर मला त्याच बारवेत ढकललं असतं.

आधी संशय पीएचपीमायअ‍ॅडमिनवर, कारण ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं हे साधन लांब मजकूर आखडून दाखवतं. पूर्ण मजकुराचा पर्याय निवडला, तरी 'वा'च. मग लेंग्थ (बाइटमधली लांबी) काढली: 1024. कॅर_लेंग्थ (चिन्हांची संख्या): 408. तिथंच ट्यूब पेटली. मायएसक्यूएलमध्ये ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन, म्हणजे जोडलेल्या ओळीची कमाल लांबी, मुळात 1024 असतं, तेही बाइटमध्ये. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-उकारसुद्धा, 3 बाइट खातं. एकटं 'वालूर' 15 बाइटचं. बरं, एररही येत नाही. फक्त 1260 नंबरची वॉर्निंग, ती कोण बघतंय?

उपाय एका ओळीचा: सेट सेशन करून, म्हणजे चालू कनेक्शनपुरती, मर्यादा वाढवायची. वाढवली, क्वेरी चालवली, परत 'वा'! पीएचपीमायअ‍ॅडमिन दर वेळी नवं कनेक्शन उघडतं, त्यामुळं आधीचं सेशन केव्हाच संपलेलं. दोन्ही ओळी एकाच खिडकीत अर्धविराम देऊन एकदम चालवल्या, तेव्हा वालूर आलं. मायएसक्यूएलचं भावंड असलेल्या मारियाडीबीनं 10.2.4 आवृत्तीपासून ही मर्यादा थेट 1 एमबी केलीय. आमचे होस्टिंगवाले मात्र "बघू" म्हणतात. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणारे मित्र हसतायत, हसू द्या.

पत्त्यांचं काम सोपं निघालं. मध्ये स्पेस घालून रकाने जोडणारं कॉन्कॅट_डब्ल्यूएस नल (म्हणजे मूल्यच नसलेला रकाना) गाळतं, पण रिकामी स्ट्रिंग गाळत नाही. म्हणून बु./खु.च्या रकान्याला रिकाम्याचं नल करणारं नलइफ लावलं, दुहेरी स्पेस गेल्या.

आता हिंगोली घेणार होतो, पण लिहिता लिहिता बेत बदलला. हा जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून निघाला, त्यामुळं जुन्या कागदांत तिथल्या बारवा परभणीतच सापडतात. आधी 'जुना जिल्हा' रकाना जोडतो. कंस साध्या कॉन्कॅटनं लावायचा, म्हणजे रकाना नल असला की कंसासकट सगळंच नल होतं आणि बाहेरचं कॉन्कॅट_डब्ल्यूएस ते गाळून टाकतं. एरवी डोकं उठवणारा नल इथं फुकटात राबतोय! औंढ्यावर करून पाहिलं: 'औंढा, जि. हिंगोली (पूर्वी परभणी)'. वालूरला कंस नाही. झकास.